सरांचं सक्तीचं प्रशिक्षण

स्टाफरूमच्या टेबलावर डस्टरला टेकवून मुख्याध्यापकांचा मोबाइल उभा आहे. त्यांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू आहे आणि समोरची खुर्ची रिकामी. वाचताना अक्षरांची गल्लत होणारी मुलं कशी ओळखावीत, हे एक बाई त्या खुर्चीला समजावून सांगताहेत.

"मॅडम, शेवटी दहा प्रश्न येतील, तेवढी उत्तरं टाका," सर दारातूनच म्हणाले.

"सर, आपल्या सातवीतल्या रेश्माला हेच होतंय. तिच्या तपासणीच्या पत्रावर तुमची सही अडलीय."

"आळशी आहे हो ती. आणि वरचे अधिकारी प्रमाणपत्र माझं मागतात, तिचं नाही."

माझं लहानपण चळवळीतल्या बाबांची पत्रकं वाटण्यात गेलं. तेव्हा असं काही दिसलं की राग यायचा. आता आत काही हलत नाही. सर, काय शिकलात, एवढं जरी वरच्या कुणी विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण ते विचारतात, झालं का पूर्ण.

मी उत्तरं टाकली. दहाही बरोबर आली आणि पडद्यावर सरांचं अभिनंदन झालं. शेजारच्या वर्गात रेश्मा वाचायला उभी राहिली होती. तिने तोंड उघडण्याआधीच मुलं हसायला लागली.