कायदेशीर रहिवासी, १४अ, मिल लेन

एर्नी टॅटर्सलने आयुष्यात एकदाच सरकारकडे स्वतःहून काही मागितलं. ते त्याला मिळालं आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्याने मागितला होता घरनंबर, तोही घरासाठी नाही. इंग्लंडमधल्या पॅडिहॅम गावाच्या वरच्या अंगाला, मिल लेनच्या टोकाशी, नगरपालिकेने लोकांना भाजी लावायला दिलेले जमिनीचे तुकडे आहेत. त्यातल्या शेवटच्या तुकड्यावर एर्नीचा कबुतरखाना होता. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, अकरा फूट लांब, जेमतेम पाच फूट रुंद, आत शर्यतीची सव्वीस कबुतरं. बस डेपोत एकतीस वर्षं इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झाल्यापासून एर्नी दिवसाचे सात तास तिथेच असायचा. कबुतरांच्या दाण्याची पोती मात्र खाली गावातल्या घरी येऊन पडत आणि ती चढावर नेताना त्याचा उजवा गुडघा बोलू लागे. म्हणून त्याने नगरपालिकेला पत्र लिहिलं, की पोती थेट वर पोचावीत यासाठी कबुतरखान्याला पत्ता मिळेल का. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: १४अ. एर्नीने पितळी पाटी करून आणली आणि पाणसळ लावून, अगदी सरळ, दारावर ठोकली.

पोती वर येऊ लागली. आणि फेब्रुवारीच्या अकरा तारखेला पहिलं पत्रही आलं.

पत्रावर नाव नव्हतं. ‘कायदेशीर रहिवासी, १४अ, मिल लेन’ एवढंच. पोस्टमनला पत्रपेटी दिसली नाही, तेव्हा कबुतरं आत शिरतात त्या फटीतून त्याने ते सरकवलं. एर्नी पोचेपर्यंत एक करडी मादी त्यावर ठाण मांडून बसली होती. तिला उठवून त्याने वाचलं. या पत्त्यावर टीव्हीचा परवाना नाही, परवान्याशिवाय टीव्ही पाहणं गुन्हा आहे, हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आमचे अधिकारी आपल्या भागात फिरत आहेत. शेवटची ओळ लाल अक्षरांत होती.

“फेकून दे,” त्याची बायको बेरिल म्हणाली. “आपल्या घरचा परवाना आहे ना? मग झालं.”

“पत्र आलंय, उत्तर द्यायला नको?”

“कुणाला आलंय? तुला की कबुतरांना?”

पण पत्राला उत्तर न देणं एर्नीला जमलंच नसतं. त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘इथे टीव्ही नाही. आम्ही एकूण सव्वीस आहोत आणि सगळी कबुतरं आहोत. कळावे, ई. टॅटर्सल.’

सतरा दिवसांनी परवाना कार्यालयाचं उत्तर आलं. आपल्या पत्त्यावर सव्वीस व्यक्ती राहतात याची नोंद घेतली आहे. त्या वेगवेगळ्या खोल्यांत भाड्याने राहत असल्यास प्रत्येकीला स्वतंत्र परवाना लागेल. त्यानंतर पत्रं दर पंधरवड्याला येऊ लागली, आणि प्रत्येक पत्रात लाल अक्षरं आधीच्यापेक्षा वर सरकत गेली.

मे महिन्यात एक पत्र वाऱ्याने उडून मॉरीन फिशविकच्या कांद्यांत जाऊन पडलं. मॉरीन ही तिथे भाजी लावणाऱ्या मंडळींच्या समितीची चिटणीस. शाळेत ती एर्नीच्या पुढच्या बाकावर बसायची आणि तेव्हाही तिला नियम पाठ असायचे.

“एर्नी, इथे रहिवासी लिहिलंय,” पत्र दोन बोटांत धरून ती म्हणाली. “जागेवर कुणी वस्ती करायची नाही. केली तर जागा जाते. नववा नियम.”

“मॉरीन, आत कबुतरं आहेत. तू त्यांना ओळखतेस.”

“मी ओळखते. कागद ओळखत नाही. उद्या नगरपालिकेने विचारलं की इथे सव्वीस जण कसे राहतात, तर मी काय सांगू? पंधरा जूनला बैठक आहे. तोवर परवाना कार्यालयाकडून लेखी आण, की इथे कुणी राहत नाही. नाहीतर कबुतरखाना उचलावा लागेल.”

शर्यतीचं कबुतर आपली जागा एकदाच शिकतं. त्याला विका, दुसऱ्या गावी न्या, वर्षभर कोंडून ठेवा; सोडलं की ते मिल लेनच्या टोकालाच येणार. कबुतरखाना गेला तर ती सव्वीस जणं रिकाम्या आकाशात घिरट्या घालणार आणि शेवटी ससाण्याच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जाणार. हे मॉरीनलाही माहीत होतं. म्हणूनच ती नजर चुकवून निघून गेली.

एर्नीने परवाना कार्यालयाला फोन केला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

“टीव्ही नसेल तर सोपं आहे,” ती म्हणाली. “तसा एक फॉर्म भरायचा. खाली रहिवाशाची सही.”

“पण तिथे रहिवासी नाही, पोरी.”

“मग सही कोण करणार?”

“मी केली तर?”

“तर तुम्ही रहिवासी.”

मग त्याने नगरपालिकेला फोन लावला आणि दिलेला नंबर परत घ्या म्हणून विनवलं. तिथला माणूस भला होता. रहिवाशाचा अर्ज आला की लगेच रद्द करू, म्हणाला. किंवा इमारत अस्तित्वात नसल्याची सरकारी नोंद झाली, तर आपोआपच होईल.

सहा जूनला, गुरुवारी, दहा वाजून वीस मिनिटांनी परवाना कार्यालयाचे अधिकारी आले. नाव ओपनशॉ. तपकिरी कोट, हातात फॉर्म लावलेली पाटी, चढाने लागलेली धाप. दारावरची पाटी पाहून त्यांनी टकटक केली.

“उघडंच आहे,” मागून एर्नी म्हणाला. “वाकून जा, साहेब.”

ओपनशॉ वाकून आत गेले आणि बराच वेळ तिथे उभे राहिले.

“बैठकीची खोली कुठली?” त्यांनी विचारलं. तो फॉर्ममधला पहिलाच प्रश्न होता.

“बसतात सगळीकडेच.”

टीव्ही नाही, हे त्यांना लगेच पटलं. अडचण पुढेच होती. फॉर्मवर चारच चौकोन होते. टीव्ही सापडला. टीव्ही नाही, रहिवाशाची सही घेतली. जागा रिकामी. इमारत अस्तित्वात नाही.

“रिकामी लिहा ना,” एर्नी म्हणाला.

“मिस्टर टॅटर्सल, एक माझ्या डोक्यावर बसलंय. रिकामी कसं लिहू?”

“मग कबुतरं म्हणून लिहा.”

“त्याला चौकोन नाही.” ओपनशॉंनी डोकं अजिबात न हलवता पेन खिशात ठेवलं. “एकोणीस वर्षांत मी खोटी खूण केलेली नाही. येत्या बुधवारी मी पुन्हा या बाजूला आहे. तुमची इमारत आमच्या नकाशावर एक ठिपका आहे. त्या ठिपक्यावर जे दिसेल ते लिहीन. काही दिसलं नाही, तर ‘नाही’ असं लिहीन.”

मंगळवारी संध्याकाळी सव्वीसही कबुतरं टोपल्यांत भरून बेरिलच्या स्वयंपाकघरात ठेवली गेली. आसपास भाजी लावणाऱ्या आठ जणांनी कबुतरखान्याखाली लोखंडी नळ्या सरकवल्या आणि तो रेटत रेटत उजवीकडे नेला. मॉरीन टेप घेऊन उभी होती.

“सात फूट. त्यापुढे नको, शेजारच्याचा पावटा आहे. एर्नी, तू ढकलू नकोस, तुझा गुडघा जाईल.”

“मग काय करू?”

“काळजी कर. ती तुला येते.”

बेरिलने आणलेले मटणाचे पॅटिस सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ले. मग एर्नीने दारावरची पितळी पाटी काढून एका काठीला लावली आणि काठी जुन्या जागेच्या मधोमध रोवली. अधिकाऱ्याला पत्ता सापडला नाही तर पंचाईत.

बुधवारी ओपनशॉ आले. पाटीसमोर उभे राहिले. समोर अकरा फूट लांबीचा मातीचा पिवळट चौकोन होता आणि त्यात दोन गांडुळं. त्यांनी फोटो काढला, चौथ्या चौकोनात खूण केली आणि खाली तारीख घातली. उजवीकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

“ते तिकडे काय आहे, विचारणार नाही का?” मॉरीनला राहवलं नाही.

“बाई, ते माझ्या नकाशावर नाही.”

खूण केलेल्या कागदाची एक प्रत मॉरीनने घडी घालून पिशवीत ठेवली. जी इमारतच नाही तिच्यात कुणी राहत नाही, एवढं समितीला पुरणार होतं. बेरिलने ओपनशॉंना चहा दिला. एर्नीने मात्र चहाला हात लावला नाही. त्याने सकाळीच वर आणून ठेवलेल्या टोपल्यांची झाकणं उघडली.

सव्वीस कबुतरं एकदम वर गेली. टेकडीवरून त्यांनी अकरा फेऱ्या मारल्या. एर्नी मोजत होता. मग ती खाली आली आणि सगळीच्या सगळी त्या रिकाम्या मातीवर उतरली. पाटीभोवती दाटीवाटीने उभी राहिली. सात फुटांवर त्यांचं घर होतं. दार सताड उघडं होतं. त्याच्याकडे एकाही कबुतराने पाहिलं नाही.

ओपनशॉंनी कप खाली ठेवला. “आता जर मला कुणी विचारलं,” ते म्हणाले, “तर तिथे कुणीतरी राहतंय असंच म्हणावं लागेल.”

“तुम्हाला उशीर होत असेल ना, साहेब,” मॉरीन म्हणाली आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून आली.

एर्नी नव्या जागी दारात बसला आणि डब्यात मका खुळखुळवू लागला. पाऊण तासाने करडी मादी उठून आत गेली. तिच्यामागून चार. मग दोन-दोन, तीन-तीन. बेरिल दोनदा जेवायला बोलवून गेली. संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना बाहेर एकच नर उरला होता, निळ्या पंखांचा. मागच्याच वर्षी फ्रान्समधून समुद्र ओलांडून तो दिवसाभरात घरी आला होता. आता तो मातीवर उभा होता आणि पुढे पाऊल टाकायला तयार नव्हता.

“ये रे राजा,” एर्नी म्हणाला. “इतकं आलास, अजून थोडंच राहिलंय.”

नराने मान तिरकी केली. त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग उडाला नाहीच. गवतातून, एकेक पाऊल टाकत, ते सात फूट चालत आला.