चरबीचा पहिला तुकडा

रोस नदीच्या काठी गोस्तेना नावाची एक विधवा राहायची. तोंडाची फटकळ, पण घर कसं लख्ख! गावापुढच्या गवताळ रानात कीव्हच्या राजानं सीमेच्या राखणीला तोर्क लोक वसवले होते. तंबूत राहणारे, घोडीचं दूध पिणारे. आणि गोस्तेनाच्या एकुलत्या एक पोरानं, त्व्हेर्द्यातानं, नेमकी त्यांच्यातलीच मुलगी बायको करून आणली. तोलुन तिचं नाव.

"गावातल्या पोरी काय मेल्या होत्या का रे?" गोस्तेनानं दारातच विचारलं.

तोलुननं बाप्तिस्मा घेतला, भाषा शिकली, वरीची पेज शिकली. एक सवय मात्र सुटेना. जेवण तयार झालं, की चरबीचा पहिला तुकडा ती आगीत टाकायची. "आधी आगीला, मग आपल्याला," म्हणायची. गोस्तेनानं फाडकन तिच्या हातावर मारलं.

"तंबूतले चाळे माझ्या घरात नकोत! चुलीखालचा आजोबा, घराचा राखणदार, रुसून जाईल."

त्या दिवसापासून सुनेनं चुलीला हात लावायचा नाही. पाणी आण, दळण दळ, गुरं बघ. लेक नेझ्का जन्मली, चालायला लागली, तरी बंदी तशीच. काय म्हणावं या बाईला! तोलुन कधीतरी हळूच म्हणायची, "आई, एकदा तरी मला चूल पेटवू द्या ना."

"मी मेल्यावर पेटव."

हिवाळा सरत आला आणि रानापलीकडचे लुटारू पोलोव्हत्सी स्वार आल्याची शिंगं वाजली. गोठलेली नदी ओलांडून गढी गाठायची होती. त्व्हेर्द्याता लेकीला बर्फगाडीत घालून पुढं गेला. घर सोडताना चुलीतले निखारे मडक्यात घालून न्यायचे, म्हणजे चुलीखालचा आजोबाही बरोबर येतो. गोस्तेनाचे गुडघे धरलेले, तरी मडकं तिच्याच हातात.

"आई, द्या इकडं, मी घेते."

"हात लावू नकोस!"

नदीच्या मध्यावर गोस्तेनाचा पाय घसरला. मडकं सटकलं आणि पार पातळ बर्फावर जाऊन थांबलं. "माझं घर गेलं गं!" म्हातारीनं टाहो फोडला. तोलुन पोटावर सरपटत गेली, मडक्यापर्यंत पोचली आणि दोन्ही हातांनी ते सासूकडं ढकललं. तेवढ्यात बर्फ फुटला. ती परत वर आलीच नाही.

गढीजवळ नवं घर झालं. त्याच निखाऱ्यांवर गोस्तेनानं चूल पेटवली, पेज शिजवली आणि चरबीचा पहिला तुकडा आगीत टाकला. मग रोज टाकत राहिली. शेजारणींनी पाहिलं, त्याही टाकू लागल्या. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडानं?

नेझ्का मोठी झाली. शेजारी नवी सून आली, तिला ती एकदा शिकवत होती. "पहिला तुकडा आगीला, बरं का. आम्हा लोकांत पहिल्यापासून असंच आहे. आजीच्या आजीपासून."

"नाही गं," कोपऱ्यातून गोस्तेना म्हणाली. "ते तुझ्या आईचं आहे. तिनं टाकला तेव्हा मी तिला याच हातानं मारलं होतं."

नेझ्काला आईचा चेहराही आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोस्तेनानं चुलीत लाकडं रचली, निखारे पुढं ओढले आणि स्वतः बाजूला सरकून बसली.

"तोलुन," ती नेझ्काकडं बघून म्हणाली, "ये गं बाळ. आज तू पेटव."