पिल्लांवरची मरळ

धारूरच्या डोंगरात एक लहानसा तलाव आहे. तिथं मी गेली आठ-नऊ वर्षं मासे धरतो. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं आणि मी तळ्यावर असतो. गळ टाकायला शिकवलं ते दुकानाशेजारच्या चाचांनी. ते विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. साठी ओलांडलेला माणूस, पण तळ्यावर गेला की माझ्यापेक्षा तरणा.

चाचांचा नाद एकाच माशाचा, मरळीचा. बाकीचे मासे त्यांना मासे वाटायचेच नाहीत. मरळ पाण्यातल्या गवतात दबा धरून बसते आणि रबरी बेडूक नाचवत आणला की पाणी फोडून वर येते. हातातल्या गळाच्या काडीला असा हिसका बसतो की खांदा दुखतो. हे सगळं त्यांनी शिकवलं आणि एक गोष्ट बजावली. आखाडाच्या सुमाराला मरळीची पिल्लं निघतात. लालसर, काडेपेटीतल्या काडीएवढी. शेकड्यांनी एका ठिकाणी वर येतात, तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्यांच्या खाली आईबाप पहारा देत असतात.

"तिथं गळ टाकायचा न्हाई," चाचा म्हणाले होते. "ती मरळ भुकेपायी तोंड मारत न्हाई बे. लेकरं वाचवायला मारती. त्यात कसली आली शिकार?"

दोन वर्षांमागं आखाडातच चाचांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. अंबाजोगाईला जायच्या आदल्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो, तर बाभळीच्या कोपऱ्यात पिल्लांचा मोठा पुंजका दिसला. चाचा किती तरी वेळ उकिडवे बसून बघत राहिले. निघताना मला म्हणाले, "मी येईपर्यंत तू ध्यान ठेव. कुणी तिकडं गळ टाकला तर हाकलून दे."

मी हो म्हणालो.

ऑपरेशन नीट झालं. आठवड्यानं चाचा घरी आले, पण अगदी खंगलेले. चाची म्हणाल्या, "जेवणच जात न्हाई बघा. मरळ खाल्ल्यावर टाके लवकर भरतेत म्हणतेत. भेटली कुठं तर आणा." दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी तळ्यावर गेलो. तलावाच्या भिंतीपाशी गळ टाकून बघितला, गवतात टाकून बघितला. दोन तास काहीच लागलं नाही. मग बाभळीच्या कोपऱ्याकडं गेलो. पिल्लं होती. थोडी मोठी झालेली.

आजारी माणसासाठी चाललंय, असं मी मनाशी म्हणालो. पण खरं सांगायचं तर बेडूक पिल्लांच्या पलीकडं पडला आणि मी दोर ओढायला लागलो, तेव्हा चाचा माझ्या ध्यानातही नव्हते. पाणी कधी फुटतं एवढंच मी बघत होतो. पहिल्याच खेपेला मरळ आली. हाताएवढी लांब. ती काठावर आली तोवर पिल्लं पांगली होती आणि खालून चिलापी मासे येऊन त्यांना टिपत होती. टप टप आवाज येत होता. मी मरळ पिशवीत घातली आणि मागं न बघता गाडीला किक मारली.

चाचींनी आंबट रस्सा केला. चाचा उशीला टेकून बसले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

"कुठं घावली?"

"भिंतीपाशी. खोल पाण्यात."

"शाब्बास बे! आन् ते पिल्लं?"

"हायती की. मजेत हायती."

टाके निघाल्यावर चाचांनी हट्टच धरला आणि मी त्यांना गाडीवर बसवून तळ्यावर नेलं. बाभळीच्या कोपऱ्यात पाणी सपाट होतं, एकही पिल्लू दिसत नव्हतं. बाजूलाच एक म्हशीवाला म्हशी धूत होता. पलीकडच्या वस्तीवरचा, चाळिशीचा. बाभळीला त्याचा साधा गळ बांधलेला होता. चाचांनी तो गळ बघितला आणि त्यांचा तोल सुटला.

"लेकरावरची माय मारून खाल्लीस? लाज वाटती का न्हाई?"

म्हशीवाल्यानं चाचांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, जरा जास्त वेळ. "म्या न्हाई मारली, चाचा," एवढंच म्हणाला आणि म्हशी हाकलत निघून गेला. मी खाली मान घालून रिळाचा गुंता सोडवत होतो. गुंता झालेलाच नव्हता.

चाचांच्या घरी दूध त्याच्याकडूनच यायचं. दुसऱ्या दिवसापासून ते बंद झालं. चाचांचं ऐकून चौकातल्या हॉटेलवाल्यानंही बंद केलं. महिनाभर मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज चाचांसोबत चहा प्यायचो आणि उठून यायचो.

मग एक दिवस तो म्हशीवालाच दुकानात आला. सातबाराची झेरॉक्स काढायची होती. गिऱ्हाईक पांगेपर्यंत तो थांबला.

"त्या दिवशी म्या वरच्या बांधावर व्हतो. तुमाला बघितलं."

मी मशीन बंद केलं. "मग बोलला कावून न्हाई?"

"चाचासाठी नेली ना तुमी. त्यांना टाके पडलेले. मला वाटलं, कळलं तर खाल्लेलं उलटून पडंल." कागदाची घडी घालत तो म्हणाला, "पण दूध बंद केलं, ते लई लागलं."

चाचांना सांगा, असं त्यानं म्हटलं नाही. तो गेला, मी शटर खाली ओढलं आणि शेजारी गेलो. चाचा मोटारीत तार भरत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे ती मीच खाल्ली," ते म्हणाले. मग हातातली तार खाली ठेवून उठले. "गाडी काढ."

वस्तीवर म्हशीवाला गोठ्यात होता. चाचांनी त्याचे दोन्ही हात धरले. "माझं चुकलं, बाबा. लई चुकलं." तो संकोचून गेला, बाज टाकली, चहा मांडायला सांगितला. मीही माफी मागितली. तो माझ्याकडं न बघता "असू द्या" म्हणाला.

दूध पुन्हा सुरू झालं. हॉटेलवाल्यालाही चाचांनी स्वतः जाऊन सांगितलं, पण माझं नाव घेतलं नाही. ते मला नंतर कळलं. आजही आम्ही दुकानासमोर चहा पितो, ते माझ्या मुलीची चौकशी करतात. फक्त रविवारी तळ्यावर येता का, असं मी विचारलं की म्हणतात, "पाय दुखतेत बे."

मागच्या महिन्यात तळ्यावर गेलो तर चाचा आणि म्हशीवाला बांधावर शेजारी बसलेले. दोघांचे गळ पाण्यात. चाचांनी मला बघून हात केला. बोलावत होते की नुसताच केला, कळलं नाही. मीही हात केला आणि लांब, भिंतीच्या टोकाला जाऊन बसलो.