क्लेटनच्या शेजारची सीट

क्लेटन स्टकी कुठे आहे हे आमच्या गावात कोणाला विचारावं लागायचं नाही. ओहायोच्या मक्याच्या शेतांवरून आवाज लांबवर जातो. त्याची सत्तर सालची शेव्हेल गाडी नुसती उभी असली तरी गुरगुरायची, डुलायची, शेजारून जाणाऱ्याच्या छातीत धडधडायचं. जन्मभर शाळेची बस मान खाली घालून सावकाश चालवलेला हा माणूस. निवृत्त झाला आणि अंगात वारं शिरलं.

सगळा खेळ कॅमशाफ्टचा. इंजिनाच्या पोटात फिरणारा हा दांडा. व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे त्याच्यावरचे उंचवटे ठरवतात. क्लेटनने शर्यतीच्या गाडीचा दांडा बसवून घेतला होता. मी तेव्हाच सांगितलं होतं, की असल्या दांड्याने ब्रेकला इंजिनाची मदत मिळत नाही. पण माझं ऐकतो कोण? मी काय, फक्त गॅरेज चालवलं.

मग व्हायचं तेच झालं. चर्चच्या जेवणाला क्लेटन आणि त्याची बायको नेडीन निघालेले. पेगीच्या हॉटेलसमोर लाल दिवा लागला आणि ब्रेक दगडासारखा घट्ट. गाडी थांबली ती चौकाच्या मधोमध, आणि नेडीनच्या मांडीवरचं बटाट्याचं सॅलड तिच्या अंगभर. ती तशीच उतरली, रिकामं भांडं काखेत मारलं आणि चालत घरी गेली.

त्यानंतर दोन वर्षं ती त्या गाडीत बसली नाही. दर रविवारी तिची छोटी गाडी पुढे आणि हा मागून एकटाच गुरगुरत. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण शेजारची रिकामी सीट घेऊन फिरणारा क्लेटन मला बघवत नसे.

या वसंतात त्या दांड्याचा एक उंचवटा झिजून सपाट झाला. नवा घेणं आलं. पेगीकडे शनिवारी कॉफीला जमणाऱ्या मंडळींनी लगेच फर्मान काढलं.

"आता आणखी मोठा टाक," बर्ट म्हणाला. सगळ्यात मोठं तोंड त्याचंच. "लहान टाकलास तर गाडी शिवणयंत्रासारखी वाजेल. मग इथे तोंड दाखवू नकोस."

क्लेटनने सामानवाल्या कंपनीला फोन लावला तेव्हा मी त्याच्या स्वयंपाकघरातच होतो. हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर. नेडीन पाठमोरी भांडी घासत होती.

"गाडी कशासाठी वापरता, सर?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

या प्रश्नाला आमच्याकडे कोणी खरं उत्तर देत नाही. मागच्या वेळी क्लेटनने छाती फुगवून "शर्यतीला" म्हणून सांगितलं होतं.

"चर्चला," तो म्हणाला. मग खाकरला. "आइस्क्रीम खायला. कधीमधी नदीवर."

"पॉवर ब्रेक आहेत?"

"आहेत."

"शेजारी कोणी बसतं?"

क्लेटनने नेडीनच्या पाठीकडे पाहिलं. सिंकमधला भांड्यांचा आवाज थांबला.

"सध्या नाही. पण बसावं असं वाटतं."

"मग लहानच घ्या, सर."

"एक नंबर मोठा चालणार नाही का?"

नेडीनने नळ बंद केला.

"लहानच पाठवा," क्लेटन घाईघाईने म्हणाला.

दांडा आला, आम्ही दोघांनी बसवला. नवा दांडा पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन बराच वेळ सलग जोरात फिरवावं लागतं, नाहीतर उंचवटे तिथल्या तिथे खरवडून निघतात. तेवढा वेळ क्लेटनचा पाय पेडलवर दाबलेला आणि मी इंजिनाशी कान लावून उभा. मग क्लेटनने पाय सैल सोडला आणि सगळं शांत झालं.

"बंद पडली का रे?" त्याने रडवेल्या चेहऱ्याने विचारलं.

"चालू आहे, बाबा. चांगलं चालणारं इंजिन असंच असतं."

नेडीन फाटकाशी येऊन उभी राहिली होती. "आधी एकटा ये आणि माझ्यासमोर थांबव," ती म्हणाली. त्याने थांबवली. "परत. आता जरा जोरात ये." परत थांबवली. तिने दार उघडलं, सीटवरची धूळ हाताने झटकली आणि बसली. "हळू चालव, शहाण्या."

मला इतकं हायसं वाटलं, की मी थेट पेगीकडे जाऊन सगळ्यांना कॉफी पाजली. बर्टने काय काय विचारलं, मी काही सांगितलं नाही.

उन्हं उतरताना शेव्हेल नदीकडून परत आली. पेगीच्या खिडकीसमोरून इंजिन गरजवल्याशिवाय क्लेटन कधी गेला नव्हता. आज गाडी दिसली, पण ऐकू आली नाही.

"आला शिवणयंत्रवाला," बर्ट म्हणाला आणि काचेवर टकटक करायला उठला.

तेवढ्यात दिवा लाल झाला. मी हातातला कप खाली ठेवला. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे अलगद थांबली. नेडीनचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं होतं, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती ती, आणि गाडी थांबली तरी तिची मान हलली नाही. क्लेटनने आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

बर्टने वर केलेला हात खाली घेतला आणि बसला. दिवा हिरवा होऊन गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं,

"कुठल्या नंबरचा दांडा टाकला रे?"