मूठभर पिठीसाखर

"काकू, आई गेली…" एवढंच बोलून पुतण्यानं फोन ठेवला. मी कल्याणला माहेरी होते. सकाळी उठल्याउठल्या त्याच्या आईच्या छातीत कळ आली आणि दारात रिक्षा येईपर्यंत सगळं संपलंही होतं. कोन गावी, सासरी परतताना खाडीपुलावर ट्रकांच्या रांगेत अडकले, तेव्हा माझ्या थोरल्या जावेचा, हिराताईंचा, चेहरा आठवायचा सोडून मला सात-आठ वर्षांपूर्वीचा एक दिवसच दिसत राहिला. आता महिना होत आला. घरात कुणालाच पुरता ठाऊक नसलेला तो दिवस आज लिहून काढते आहे.

हिराताई आमच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवायच्या. वीसेक मुलं असतील. बहुतेक सगळी चहात बिस्कीट बुडवून खाऊन यायची आणि दहा वाजेपर्यंत पेंगायला लागायची. ताईंना ते बघवेना. सातवी शिकलेल्या या बाईनं कुठल्याशा मासिकातली मफिनची कृती घेतली, त्यातला मैदा आणि साखर काढून टाकली, आणि नाचणी-गव्हाचं पीठ, काळी पडलेली केळी, भिजवून वाटलेला खजूर, दही असं करत आपलं माप बसवलं. पहिला घाणा दगडासारखा झाला. दुसरा आतून कच्चा राहिला. सकाळी लाइट जायच्या आत गोल ओव्हनमधून दोन घाणे निघायलाच हवेत, म्हणून आम्ही दोघी घड्याळाकडे बघत राबायचो. मुलं त्यांना वाटीकेक म्हणायची.

साक्षी त्या मुलांतलीच. पाच वर्षांची, आणि रोज इन्सुलिनवर. तिची आई वडपे गावच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायची. तिच्या डॉक्टरांनी ताईंना बोलावून केकमधला एकेक जिन्नस विचारून घेतला आणि सांगितलं, अर्धाच द्यायचा, रोज त्याच मापाचा. तेव्हापासून ताई साक्षीचा अर्धा केक तराजूत तोलून द्यायच्या.

पीठ कालवायचं काम माझं. काही मुलांना खजुराची गोडी पुरायची नाही, ती केक उष्टे टाकायची. मला ते लागायचं. एक दिवस ताई पाणी भरायला गेल्या आणि मी पिठात मूठभर पिठीसाखर मिसळली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. ताटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. "बघ सुरेखा, लागली ना गोडी पोरांना!" ताई हरखून म्हणाल्या. साक्षीचा विचार मनात आलाच नाही, असं म्हणाले तर ते खोटं ठरेल. आला होता… एवढ्याशानं काय होतंय, म्हणून मी तो झटकून टाकला.

चौथ्या दिवशी साक्षीला भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. उलट्या, धाप, ती डोळेही उघडत नव्हती. तिची आई धावत आमच्या दारात आली.

"ताई, खरं सांगा. साखर घातली होती का?"

"न्हाय गं बाय. देवाशपथ न्हाय."

असं म्हणतानाच ताईंनी ताटातला उरलेला केक उचलला, एक तुकडा तोंडात टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या सावकाश चावत राहिल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साखर हाय यात," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरातून चूक झाली."

"माझी पोर गेली तर तुम्हाला सोडणार नाही," एवढं बोलून ती बाई तशीच परत पळाली.

"ताई, मी…"

"जिभेला कळलंय. चप्पल घाल."

आम्ही रिक्षा केली. दवाखान्याच्या पायरीवर थांबून ताई म्हणाल्या, "घराचा दोष मी घेतला. तुझं तुलाच सांगायला लागंल."

मी सांगितलं. साक्षीच्या आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. ती ओरडली नाही. तिनं ओरडावं, मारावं, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसून होतो, तेव्हा कुठे साक्षीनं डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, तिला दोन दिवस तापही होता, एकाच कारणानं असं होत नाही. त्या वाक्याचा आसरा मी आजवर घेतलेला नाही.

साक्षी घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी ताईंनी परात माझ्यापुढे ठेवली. "कालव."

"मी नको, ताई."

"मग दुसरं कोण हाय? कालव." आणि त्या खिडकीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मग रोज तसंच. मी पीठ कालवायला घेतलं की त्या पाठ फिरवायच्या. पुष्कळ दिवस मला तो राग वाटला. साक्षी बालवाडीत परतली ती स्वतःचा डबा घेऊन. कित्येक महिन्यांनी तिच्या आईनं आपणहून पुन्हा अर्धा केक मागितला, त्या दिवशी धीर करून मी ताईंना त्या पाठ फिरवण्याबद्दल विचारलं.

"येडी हायेस," त्या म्हणाल्या. "बघत बसले तर तुला वाटंल, राखण करते."

गेल्या सोमवारी बालवाडी पुन्हा उघडली. ताईंची सून लवकर उठून स्वयंपाकघरात आली, "काकू, आज मी कालवू का?" म्हणाली. तिनं याआधी कधी हे केलेलं नाही. माप चुकेल, केळी जास्त पडतील, सोडा विसरेल… मी परात तिच्यापुढे सरकवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.