टू बी ऑनेस्ट

मुलीच्या ट्यूशनच्या वर्गात शिरताच बोर्डाच्या मार्करचा उग्र वास आला आणि मला अमरावतीतला आमचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आठवला. तापलेल्या पत्र्याखालची खोली, नुसताच घरघरणारा कूलर आणि एप्रिलातही टाय आवळून उभे असलेले ते सर. त्या दुपारी त्यांनी बोर्डावर खरेपणाचं इंग्रजी लिहिलं होतं: टेल द ट्रुथ, फेस द ट्रुथ, टू बी ऑनेस्ट. “बोलण्याआधी टू बी ऑनेस्ट लावा, समोरचा लगेच विश्वास ठेवतो,” असं ते सांगत होते, तेवढ्यात दर्यापूरहून एका मुलीचे वडील आले. दाराशी चपला काढून त्यांनी मुलीचं नाव सांगितलं, आणि पुढचं काही विचारायच्या आत सर सुरू झाले. “टू बी ऑनेस्ट, तुमची मुलगी ब्रिलियंट आहे. कालच काय फाडफाड बोलली!” वडील बघतच राहिले. “सर, थे तं महिन्यापासून टायफाईडनं घरी पडून हाय. तिले पुढच्या बॅचले घेता का, हे इचाराले आलो व्हतो. मंग काल तुमी कोणाचं आयकलं?” आम्ही तोंडावर वह्या धरून हसलो. सरांना मात्र कशाची लाज! टाय सारखा करत म्हणाले, “टू टेल यू द ट्रुथ, जरा कन्फ्युजन झालं.” आज ट्यूशनच्या सरांनीही मला बघून हसत सुरुवात केली, “टू बी ऑनेस्ट…” मी त्यांना तिथंच थांबवलं. बाकांवर बसलेल्या मुलींकडे बोट दाखवून म्हटलं, “आधी यातली माझी मुलगी कोणती, ते दाखवा.”