गंगव्वाचा ओटा

"कापड सोडू नका," ती म्हणाली. "सोडलं की ती हात धरती."

मी गाठीला हात घातला होता. तो तसाच ठेवून डॉक्टरांकडे पाहिलं.

बाई चाळिशीची असेल. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला. त्यावरून हळदीचं कापड घट्ट आवळलेलं आणि कापडावर काळा दोरा. नाव इंदूबाई. किनवटच्या पुढं जंगलात मुलांचं एक वसतिगृह आहे, तिथली ती स्वयंपाकीण. नवरा दत्ता बरोबर आला होता. तो खुर्चीवर बसला नाही, दारातच उभा राहिला.

मी नांदेडला फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये काम करते. मूळची जळकोटकडची. शाळा चौथीपर्यंत. आधी बाळंतिणींची मालिश करायचे. इथं शेकाच्या पिशव्या गरम करते आणि पेशंटचे हातपाय धरून व्यायाम करवून घेते. फिजिओथेरपी म्हणजे सुई-गोळी न देता शेकानं, व्यायामानं आणि हातानं सांधा मोकळा करायचा. मालिश वेगळी. लोक रोज विचारतात म्हणून सांगितलं. डॉक्टर नाझनीनबाई नांदेडच्याच. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. वयानं माझ्या मुलीएवढ्या, मला मावशी म्हणतात.

"कोण धरतं हात?" डॉक्टरांनी विचारलं.

इंदूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. दत्तानं सांगितलं. "गंगव्वा. पहिली सैपाकीण. मेली ती. सैपाकाच्या वट्यापाशीच मेली, हातात डाळ हलवायचा सराटा होता. उचलून न्हेली तरी मूठ सुटंना. सराट्यासकट जाळली म्हणतेत."

"मग?"

"तिच्या जागी आली चंद्रकला. तिचा उजवा हात गेला. मंग दुसरी एक आली. तिचा बी उजवाच. आता हिचा."

तिघींनाही सारखंच होत होतं. डाळ हलवताना दंडाला मागून कोणीतरी पकडल्यासारखं वाटायचं. पुढं तो हात लोंबता राहिला की कळ यायची. चंद्रकलेच्या वेळी घरच्यांनी भगताला विचारलं. भगत म्हणाला, लोंबता हात गंगव्वाला सापडतो, तो अंगाशी बांधून ठेवा. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक स्वयंपाकिणीनं तेच केलं. दंड दुखायला लागला की कामापुरता हात सोडायचा आणि काम झालं की बांधायचा. इंदूबाईचा आता कामालाही सुटत नव्हता. सराटा ती डाव्या हातानं हलवत होती.

डॉक्टर म्हणाल्या, "मी धरते तुमचा हात. मी धरल्यावर दुसरं कोण धरणार?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. मी गाठ सोडली. डॉक्टरांनी कोपर तळहातावर घेऊन हात हळूच बाजूला न्यायला सुरुवात केली. थोडा गेला आणि थांबला. पुढं नेला तर खांदाच कानाकडं चढायला लागला. हात पाठीमागं अजिबात जाईना.

याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. गोठलेला खांदा. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. हात हलता राहिला की ती सैल राहते, बांधून ठेवला की आक्रसते. ज्यांना शुगर आहे त्यांची लवकर आक्रसते. डॉक्टरांनी तिथंच बोटाला टोचून शुगर पाहिली. फार वाढलेली होती. तिला माहीतही नव्हतं. औषधासाठी दुसऱ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

दत्ता म्हणाला, "बाई, आमाला येवढा टाइम न्हाई. येत्या अवसंला डाग द्यायचं ठरलंय. भगताला सांगून ठिवलंय."

डाग म्हणजे विळा लाल करून खांद्यावर टेकवायचा. आमच्याकडं अजूनही चालतं. पोटदुखीला देतात, काविळीला देतात.

डॉक्टर त्याच्याशी भांडल्या नाहीत. "शुगर एवढी असताना भाजलं तर जखम भरणार नाही. चिघळली तर हातच जाईल. अवसेपर्यंत मला द्या. खांदा थोडाही सुटला नाही तर मग तुम्ही आणि तुमचा भगत."

त्यानं बायकोकडं पाहिलं. "अवसंपतूर," म्हणाला.

अमावस्या फार लांब नव्हती.

खांदा गोठला कशानं, ते कळलं होतं. पण तिघींचा एकच हात एकाच जागी दुखायला का लागला, ते कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, ती जागा बघावी लागेल. नाहीतर इथं सोडवू आणि तिथं परत धरेल."

"कोण धरेल?" मी विचारलं.

"जे कोणी असेल ते."

किनवटला आमचं महिन्यातून एकदा शिबीर असतं. त्या खेपेला शिबीर उरकून जीपनं वसतिगृहावर गेलो. दुपारची वेळ. पोरं वर्गात होती. आजूबाजूला सगळा साग. पानगळीचे दिवस. सागाचं पान मोठं असतं, खाली पडतं तेव्हा पाऊल टाकल्यासारखा आवाज होतो. मी तीनदा मागं पाहिलं असेल.

स्वयंपाकघर मागच्या बाजूला एकटंच होतं. लांब खोली, एक खिडकी, भिंतीला लागून ओटा. ओट्यावर गॅसची मोठी शेगडी आणि तिच्यावर डाळीचं पातेलं चढलेलं. ओट्याच्या कोपऱ्यात गंगव्वाच्या नावानं वाटीत भात आणि शेजारी पणती होती. शेगडीच्या बाजूला भिंतीवर तळहाताचा काळा डाग होता. तेलकट, पाच बोटं स्वच्छ दिसणारा. तो इतका उंचावर होता की तिथं कोणाचा हात पोचणार नाही.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

वसतिगृहाचे अधीक्षक सर आमच्यासोबत आले होते, इंदूबाईही होती. सर म्हणाले, "गंगव्वाचा हात. उजव्या हातानं हलवायची अन् डावा भिंतीला टेकवायची. दोनदा चुना मारला मॅडम. वर येतो."

"पोरं म्हणतेत तो सरकतो," इंदूबाई म्हणाली. "वर वर जाऊन राहिलाय."

डॉक्टर त्या डागाखाली उभ्या राहिल्या आणि हात ताणला. बोटं पोचेनात.

"केवढी होती ही बाई?"

"दारातून वाकून यायची," अधीक्षक सर म्हणाले. " हे सैपाकघर बांधलं तेव्हा भांडून गवंड्याकडून वटा आपल्या मापानं करून घेतला. म्हणायची, तुमच्या वट्यानं माझी कंबर मोडती."

डॉक्टर ओट्याकडं वळल्या. मला म्हणाल्या, "मावशी, जरा डाळ हलवा."

माझी उंची इंदूबाईएवढीच. ओटा माझ्या छातीला लागत होता. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. पातेल्याचा काठ माझ्या नाकासमोर आला. सराटा तळाला लावायचा तर कोपर कानापर्यंत उचलावं लागत होतं. डाळ घट्ट होती. मी हलवत राहिले. बाहेर पानं पडत होती. बऱ्याच वेळानं उजव्या दंडाला कोणीतरी मागून धरलं. पाच बोटं. जोर नव्हता, नुसती धरून ठेवली होती.

मी भुताखेतांना मानत नाही. बाळंतिणींच्या घरी जन्म काढला, भुतं असती तर तिथं भेटली असती. तरी मागं वळून पाहिलं. डॉक्टर होत्या, पण चांगल्या चार हात लांब उभ्या.

"धरलं?" त्यांनी विचारलं.

"धरलं."

इंदूबाई भिंतीला टेकून खालीच बसली.

डॉक्टरांनी समजावलं. हात खांद्याच्या वर ठेवून जोर लावला की खांद्याच्या हाडाखाली एक दोरीसारखा स्नायू घासतो. रोज घासला की सुजतो. दुखतं मात्र खाली, दंडाला. कोणीतरी तिथं पकडल्यासारखं वाटतं. गंगव्वाच्या उंचीला तो ओटा बरोबर होता. तिचं कोपर कमरेजवळ राहत असणार, म्हणून तिला कधी त्रास झाला नाही. तिच्यानंतर आलेल्या तिघी बुटक्या.

"म्हणजे तिनंच धरला ना हात," इंदूबाई म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "एका हिशेबानं तिनंच. वटा तिचाच आहे."

अधीक्षक सर घाईनं म्हणाले, "मॅडम, वटा फोडायचं म्हणू नका. मागं फट बुजवायला गवंडी बोलवला, तो दारातून परत गेला. पोरं जेवायची न्हाईत. गावकरी भांडायला येतील."

"फोडायचा नाही. खाली उंच पायांची फळी टाका. रुंद, मजबूत, सागाची. तिच्यावर उभं राहून हलवायचं. कोपर खांद्याच्या खाली राहिलं पाहिजे, एवढंच."

मला वाटलं सुटला प्रश्न. इंदूबाईनं मान हलवली.

"म्या न्हाई चढायची फळीवर."

"कामून?" मी विचारलं.

"फळीवर चढले की म्या तिच्याएवढी होते. तिच्या जागी, तिच्या उंचीला. मंग म्या कोण अन् ती कोण?"

मला राग आला.

"इंदे," मी म्हणाले, "तिच्या वट्यावर शिजवतीस. तिच्या पोरांना वाढतीस. तिच्या पातेल्यातलं खातीस. इतके दिवस तिनं तुला गंगव्वा केलं न्हाई, मग हातभर फळीनंच काय घोडं मारलं?"

ती कसनुसं हसली. पहिल्यांदाच.

खरी अडचण पुढं होती. गोठलेल्या खांद्याला पहिला व्यायाम असतो लंबकाचा. चांगल्या हातानं टेबल धरायचं, पुढं वाकायचं, दुखरा हात पूर्ण सोडून द्यायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. हाताच्या वजनानंच सांध्यातली जागा मोकळी होते. म्हणजे तिनं इतके दिवस जे टाळलं, तेच करायचं. हात लोंबता सोडायचा, तोही त्याच खोलीत. क्लिनिकमध्ये करून भागणार नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. या ओट्यापाशीच भीती गेली नाही तर घरी जाऊन ती परत बांधणार.

कापड सोडलं. ती ओट्याला डावा हात लावून वाकली. उजवा छातीशी तसाच.

"सोडा," डॉक्टर म्हणाल्या.

"सुटत न्हाई."

"मी खाली बसते," मी म्हणाले. मी तिच्या हाताखाली फरशीवर बसले आणि माझा तळवा वर करून धरला. "ती आली तर आधी माझा हात लागंल. मी म्हातारी, माझं काय घेणार ती."

बराच वेळ गेला. तिच्या कपाळाचा घाम माझ्या मनगटावर पडत होता. मग हात खाली आला. बोटं गार होती. तळव्याला टेकली आणि तिथंच थांबली. तिनं डोळे मिटले होते.

"धरलं का कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मावशीनं धरलं."

"मावशी, सोडा."

मी हात काढून घेतला. तिचा हात एकटाच लोंबत राहिला. नंतर थोडा झुलला. काहीच झालं नाही. खिडकीबाहेर एक पान पडलं, तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. अधीक्षक सरही.

त्यानंतर ती एक दिवसाआड रेल्वेनं नांदेडला यायची. आधी शेक, मग डॉक्टर हातानं सांधा सैल करायच्या, मग मी भिंतीवर बोटं चालवायला लावायचे. बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, कळ आली की थांबायचं, तिथं पेन्सिलनं रेघ ओढायची. पहिली रेघ तिच्या छातीच्या खाली होती. शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या. किनवटच्या सुतारानं फळी करून दिली. पहिले दिवस ती फळीवर अनवाणी चढायची आणि उतरल्यावर पाय धुवायची. आम्ही काही म्हटलं नाही. पाय धुण्यानं खांद्याचं नुकसान होत नाही.

अमावस्येच्या आदल्या दिवशी दत्ता स्वतः क्लिनिकमध्ये आला. डॉक्टरांनी इंदूबाईला भिंतीपाशी उभं केलं. बोटं खांद्यापर्यंत चढली. जेमतेम. तोंड वाकडं झालं, पण चढली. दत्तानं खालची रेघ पाहिली, वरची पाहिली. मध्ये वीतभर अंतर असेल.

"पुढच्या अवसंला बघू," तो म्हणाला.

पुढच्या अमावस्येलाही तो तेच म्हणाला. तिसऱ्या वेळी विषयच काढला नाही. हात पूर्ण वर जायला सहा-सात महिने लागले. गोठलेला खांदा सावकाशच सुटतो, लवकर सोडवतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नये. इंदूबाई अजून तिथंच स्वयंपाक करते.

इंदूबाईचा हात सुटत चालल्याचं ऐकून तिसऱ्या महिन्यात चंद्रकला आली. गंगव्वानंतरची पहिली. काम सोडूनही तिनं हात बांधलेलाच ठेवला होता, दिवसरात्र, दोन वर्षं. भावानं धरून आणली. तिनं कापड सोडायला नाही म्हटलं नाही. मीच गाठ सोडली. कापड चिकटलं होतं, हळूहळू काढलं आणि बाजूला ठेवलं.

हात खाली आला नाही. कापड नव्हतं, दोरा नव्हता, तरी हात छातीशी तसाच दुमडलेला राहिला. खांदा गोठला होता आणि कोपरही. मी बोट लावून खाली ढकललं. बंद दार ढकलावं तसं लागलं. चंद्रकला आमच्याकडं बघत होती. डॉक्टरांनी शेकाची पिशवी आणायला सांगितली.

तिचं कोपर आता निम्मं उघडतं. ताटातला घास तोंडापर्यंत जातो. खांदा फारसा सुटलेला नाही, सुटेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

हात दुखला तर आधी बघा की काम करताना कोपर खांद्याच्या वर जातं का. जात असेल तर काम खाली आणा, नाहीतर स्वतः वर चढा. दुखतो म्हणून बांधून ठेवू नका. भुतानं धरलेला हात आम्ही सोडवू शकतो. घरच्यांनी बांधलेला दरवेळी सुटतोच असं नाही.